मेथीच्या जुड्या आणि हनोईतलं एटीएम

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेदहाला मी पुण्यात वारज्याला घरी होतो आणि आमची ही हनोईत एका एटीएमसमोर. तिकडे बारा वाजले होते... दीड तासाचा फरक, हे मी आधीच तपासून ठेवलेलं.

वसुधा शाळेत शिकवते. सुट्टी लागल्यावर तीन मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच परदेशी गेली होती, स्वतःच्या पैशांनी. व्यवस्था मात्र माझी. मी कॉमर्स शिकलो नाही, बँकेत नव्हतो, पण परदेशात वापरायच्या फॉरेक्स कार्डाच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस आमच्या सोसायटीत बहुधा मी एकटाच.

नेहमीचं डेबिट कार्ड परदेशात चालू नये म्हणून ॲपमधून बंद केलं. ते सुरू करायला जो ओटीपी लागतो, त्याचं सिम कपाटात सुरक्षित, कपाटाची किल्ली हिच्या पर्समध्ये. फॉरेक्स कार्डात लागतील तेवढेच पैसे. पिन मी निवडलेला... जन्मतारीख नाही, गाडीचा नंबर नाही. आपल्याला सहज आठवतो तो पिन चोरालाही सुचतो. हिला एकदा तोंडी सांगितला आणि बजावलं, कुठेही लिहायचा नाही.

माझ्याकडे लिहिलेला होता, पण कुणाला कळणार नाही असा. वहीत, मंडईच्या यादीत. चार भाज्यांचे चार आकडे, ओळीने वाचले की पिन. ही कल्पना मला कुणी शिकवलेली नाही.

तर फोन आला. "अहो, पिन विसरले. हॉटेलवाला कार्ड घेत नाहीये, रोख मागतोय. एक वाजता आमची बस आहे." हॉटेलचे पैसे हिने द्यायचे असं चौघींत ठरलेलं, आणि बाकीच्यांकडे रोख जवळजवळ संपलेली.

फोनवर पिन सांगू नये हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये कळवू नये. वही उघडून वाचलं. कांदे तीन, बटाटे दोन, मेथी दोन, लिंबं आठ. म्हणजे तीन, दोन, दोन, आठ.

चुकीचा.

"नीट दाबलंस का?"

"अहो, वर्गातल्या बेचाळीस मुलांचे मार्क भरते मी. आकडे दाबता येतात मला."

पुन्हा दाबला. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा चुकला की कार्ड बंद, हेही मी अटींत वाचलेलं होतं... आणि त्या क्षणी वाचलं नसतं तर बरं, असं वाटलं.

मला काही म्हणजे काही समजेना. वही माझी, यादी माझी, पिन मीच निवडलेला. कार्ड भलतंच तर घातलं नाही? की मीच सेट करताना काही वेगळं दाबलं? स्क्रीनवरचा शब्द न् शब्द हिला वाचायला लावला. त्यातूनही काही निघेना.

"तुम्ही बघून सांगताय ना? कशात बघताय?"

सांगणं भाग होतं. "मंडईच्या यादीत."

"मेथीच्या सहा जुड्या होत्या ती?"

"दोन आहेत."

"दोन मी केल्या. सहा जुड्या निवडत कोण बसणार होतं?"

गेली बावीस वर्षं शनिवारी मी पेन्सिलने यादी लिहितो, ही खोडरबर घेऊन आकडे दुरुस्त करते आणि रविवारी मी तेवढंच आणतो. सगळ्या जगातल्या चोरांचा विचार केला, पण हे मी धरलंच नव्हतं.

वही खिडकीपाशी तिरकी धरली. दोनाच्या खाली सहाचा दाब पुसट दिसत होता. हिने तिसऱ्यांदा पिन टाकला... आणि फोनमधून मशीनची घरघर ऐकू आली. "निघाले," एवढंच म्हणून हिने फोन ठेवला. बस मिळाली.

इतकी काळजी घेऊनही घोटाळा झाला कसा, हे बरेच दिवस मला कळत नव्हतं. आता थोडं कळतंय. पैसे तिचे, प्रवास तिचा, आणि पिन मी माझ्याच सोयीने ठरवला, माझ्याच वहीत लपवला. तरी भर उन्हात उभं राहून तिने एका शब्दाने मला दोष दिला नाही, याबद्दल तिचे इथे आभार मानतो. घरी मानले नाहीत.

परत आल्यावर तिने ॲप उघडलं आणि पिन बदलला. मला सांगितला नाही... मी विचारलाही नाही.