चालतंय ना, मग हात लावू नका

नोकरी गेली की माणूस खचतो म्हणतात. मी खचलो नाही. मी घरातली यंत्रं उघडायला लागलो.

आधी मिक्सर उघडला. तो बिघडलेला नव्हता, पण सुरू होताना जरा अडखळतो असं मला उगीचच वाटलं. मग पंख्याचा रेग्युलेटर, मग दारावरची बेल. गीझरपाशी गेलो तेव्हा बायको आडवी आली. ती घरातच पाळणाघर चालवते. हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून रांगणारी, पळणारी, रडणारी पोरं असतात. एक डोळा त्यांच्यावर ठेवायचा आणि दुसरा माझ्यावर, असं तिचं चाललं होतं. "अहो, चालतंय ना? मग हात लावू नका," हे वाक्य तिने त्या महिन्यांत पोरांपेक्षा मलाच जास्त वेळा ऐकवलं.

माझं काम नेटवर्क सांभाळायचं. कुठल्या संगणकाने कुठल्या संगणकाशी कुठल्या वाटेने बोलायचं, ते बघायचं. मी खऱ्या तारांचा माणूस. टेबलाखाली ओणवा होऊन, तोंडात बॅटरी धरून, कुठली तार ढिली झाली आहे ते बोटांनी चाचपत आलो आयुष्यभर. एके दिवशी एका गोड बोलणाऱ्या मुलीने मीटिंगमध्ये सांगितलं की आता हे सगळं आपोआप होणार आहे. गळ्यातलं ओळखपत्र मी काढून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर पलीकडच्या आयटी पार्कमधले आमच्या मजल्यावरचे दिवे नेहमीसारखे लागलेले. मला फार राग आला. निदान तासभर तरी काहीतरी बंद पडायला हवं होतं.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मुलाखतीला कोणी बोलावत नाही, हे मला लवकरच कळलं. शेवटी बाणेरकडच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. ते लोक नेटवर्कची उपकरणं बाजारात जाण्याआधी तपासून बघतात, आणि त्यासाठी लागणारे प्रयोग व्हर्च्युअल मशीनवर करतात. म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात चार-पाच संगणक चालवायचे, प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. पहिली फेरी फोनवर झाली. दुसरीत प्रयोग करून दाखवायचा होता. आपल्या लॅपटॉपमध्ये छोटं नेटवर्क उभं करा, त्यातली एक वाट तोडा, आणि ते दुसऱ्या वाटेने चालू राहतं का ते आम्हाला दाखवा. सोपं वाटतं. माझ्यासाठी ती एकच संधी होती. ही हुकली असती तर पुढची रांगेत उभी नव्हती.

बायकोला मी हे समजावून सांगितलं. ती एका पोराला भात भरवत होती.

"म्हणजे संगणक खोटे?"

"हो."

"ताराही खोट्या?"

"हो."

"आणि नोकरी?"

"ती खरी आहे गं."

"मग करा," ती म्हणाली, आणि पोराच्या तोंडात पुढचा घास घातला.

घरी ते शक्य नव्हतं. एका पोराला चार्जरची वायर चोखायची सवय, दुसऱ्याला माझ्या मांडीवर बसूनच झोप येई. म्हणून मी रोज बस पकडून मंडईत उतरू लागलो. तिथून दोन गल्ल्या आत, एका इमारतीच्या तळघरात अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली तिथे महिन्याच्या बोलीवर टेबल घेऊन बसतात. ती चालवणाऱ्या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. दारात त्यांची पाटी आहे: 'येथे अभ्यास करावा. झोप घरी मिळते.' मी चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आपण कुठली परीक्षा देताय?" मी म्हटलं, नोकरीची. "सगळे तीच देतात," म्हणाल्या, आणि वायफायच्या पेटीखालचं टेबल दिलं. ते कोणी घेत नसे, कारण तिथे पंखा पोचत नाही. पुढे त्यांचं वायफाय एकदा अडलं ते मी दुरुस्त करून दिलं, तेव्हापासून त्या पेटीतून सरळ माझ्या लॅपटॉपला तार जोडायची मला मुभा मिळाली.

माझ्या लॅपटॉपच्या पोटात पाच यंत्रं होती. दोन टोकांना दोन, एकमेकांशी बोलणारी. मधे दोन, त्यांच्यातल्या दोन वाटा सांभाळणारी. आणि पाचवं, नव्याने आलेल्या प्रत्येकाला 'हा तुझा पत्ता' असं सांगणारं. मंगल कार्यालयाच्या दारात एक मामा उभे असतात बघा, येणाऱ्या प्रत्येकाला 'तुम्ही इकडे बसा, तुम्ही तिकडे' करत, तसं. मी त्या यंत्राला मनात मामाच म्हणायचो. मामा कुठले पत्ते वाटणार ते मला ठरवायचं होतं. पत्ते म्हणजे नुसते आकडे असतात, मी त्यात माझ्या जुन्या ओळखपत्रावरचे आकडे घातले. ओळखपत्र परत गेलं होतं, आकडे डोक्यातून जात नव्हते.

प्रयोग जमायला वेळ लागला, पण जमला. अवघड भाग वेगळाच होता. वाट तोडली की या टोकाकडून त्या टोकाला जाणारे निरोप थांबतात. पडद्यावर येणाऱ्या उत्तराच्या ओळी बंद होतात. मधल्या यंत्रांना कळायला, की ही वाट गेली, आता दुसरी धरायची, थोडा वेळ लागतो. त्या वेळात आपण काही करायचं नसतं. नुसतं बसायचं. आणि तेच मला जमत नव्हतं. ओळी थांबल्या की माझी बोटं कळफलकावर जायचीच. हे तपास, ते पुन्हा सुरू कर. असं केलं की सगळं विस्कटायचं आणि पहिल्यापासून मांडावं लागायचं. मी स्वतःवर चिडायचो, पाय हलवायचो, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्या पायाकडे बघायची. हडपसरच्या पलीकडल्या, आता शहरात आलेल्या एका गावातून ती यायची. बोलायची कमी, पण तिचं ते बघणं पुरेसं असे.

मुलाखत दुपारी होती. सकाळी निघताना बायकोने डबा हातात दिला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. मी बसमध्ये ठरवलं की आज खरंच हात लावायचा नाही. काल सगळं नीट चाललं होतं. आज नुसतं दाखवायचं.

पण दुपार व्हायला फार वेळ होता. मी वर्तमानपत्र वाचलं, पाणी प्यायलो, वर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, परत आलो. पाचही यंत्रं शांतपणे चालू होती. त्यांना माझी काही गरज नव्हती. ते बघत बसणं मला सहन होईना. मग मला सुचलं की मधल्या यंत्रांवरच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली आहे, ती घालून टाकू. काही कारण नव्हतं. त्यासाठी ती यंत्रं बाहेरच्या इंटरनेटला जोडावी लागतात, तर मी घाईत पाचही जोडली. आवृत्ती घातली, पुन्हा सगळं चालवून बघितलं, चाललं. मग मी समाधानाने डबा खाल्ला. यंत्रं परत आत घ्यायची राहून गेली.

काकूंनी मुलाखतीसाठी त्यांची छोटी केबिन दिली होती. पेटीपासूनची तार तिथवर पोचत होती. मी शर्टाची कॉलर नीट करत लॅपटॉप मांडला, आणि बाहेर कुजबूज सुरू झाली. मेसमधून जेवून परत आलेली मुलं फोन वर धरून हलवत होती. तळघरात मोबाइलची रेंज येत नाही, सगळी भिस्त वायफायवर. काकू टेबलावरच्या लँडलाइनवरून इंटरनेटवाल्यांशी बोलत होत्या. "अहो, तुमची सेवा अत्युत्तम आहे. फक्त इंटरनेट येत नाही. बाकी आमची काही तक्रार नाही."

शेजारच्या टेबलावरची मुलगी केबिनच्या दारात आली. "काका, नेट लागंना वो. जोडलंय असं म्हनतंय, पन उघडत काहीच न्हाय. आता लाइव्ह लेक्चर हाय माझं."

माझ्या मुलाखतीला अगदी थोडा वेळ उरला होता. तरी मी सवयीने तिचा फोन हातात घेतला, वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन तिला मिळालेला पत्ता पाहिला. ते माझ्या ओळखपत्रावरचे आकडे होते.

मामा कार्यालयातून बाहेर पडून रस्त्यात जाऊन उभे राहिले होते. येणाऱ्या प्रत्येक फोनला पेटीच्या आधी तेच गाठत होते आणि आपल्या खोट्या नेटवर्कमधला पत्ता देत होते, जिथून बाहेर जायला वाटच नव्हती. अख्ख्या अभ्यासिकेच्या खिशात माझा जुना कर्मचारी क्रमांक पडला होता.

मी लॅपटॉपची तार उपटली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. ज्यांना चुकीचा पत्ता मिळाला होता त्यांनी वायफाय बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती, आणि हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. इंटरनेटवाल्यांच्या नावाने सगळे बोटं मोडतायत, मोडू देत. आधी आपली नोकरी. पण ती मुलगी समोर उभी होती आणि मी तिच्या फोनकडे बघून काय सांगतोय याची वाट पाहत होती. मला माझी भयंकर लाज वाटली.

मी बाहेर गेलो आणि जिथे कुजबुजायलाही बंदी, तिथे मोठ्याने म्हणालो, "इंटरनेट माझ्यामुळे गेलंय. सगळ्यांनी वायफाय बंद करून परत चालू करा."

काकूंनी रिसीव्हर कानावरून खाली घेतला. "तरीच. तुम्ही फुकट दुरुस्त करून दिलंत तेव्हाच मला शंका आली होती."

काहींचं लगेच चाललं, काहींचं चालेना. मी टेबलाटेबलाशी जाऊन फोन हातात घेत राहिलो. मुलगी दुसऱ्या बाजूने तेच करत आली. परत केबिनमध्ये येऊन मामांना लॅपटॉपच्या आत कोंडलं, तार जोडली, तेव्हा मुलाखतीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

पडद्यावर एक तिशीतली मुलगी होती. "सर, आम्ही निघणारच होतो. नेट गेलं होतं का?"

पुण्यात रस्ता खोदलाय, केबल तुटली, हे कारण बारा महिने चालतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण आत्ताच पन्नास मुलांसमोर खरं बोलून आलो होतो, लगेच दुसरं काही बोलायला जीभ वळेना. मी घडलं ते सांगितलं.

ती हसली नाही. "पण सर, काल सगळं वर्क होत होतं ना? मग टच का केलंत?"

बायको हे इतके महिने विचारत होती आणि मी तिला एकदाही नीट उत्तर दिलं नव्हतं. या अनोळखी मुलीला दिलं. "ते चालताना बघवेना म्हणून. मी नसताना सगळंच चालतंय. जुनं ऑफिस चालतंय, घर चालतंय. निदान ही यंत्रं तरी माझ्यावाचून चालू नयेत, असं वाटलं असेल."

बोलून झाल्यावर वाटलं, संपलं. असं कोणी मुलाखतीत बोलतं का? तिने काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, "ओके सर. एक्सपरिमेंट दाखवा."

मी वाट तोडली. ओळी थांबल्या. माझे हात उठले, आणि मी ते दोन्ही मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसलो. पडदा तसाच राहिला. नवी आवृत्ती सकाळी एकदाच चालवून बघितली होती, आता ती कशी वागेल कोण जाणे. घामाचा थेंब नाकावरून खाली आला तरी पुसला नाही. बाहेर कुठूनतरी लेक्चरचा बारीक आवाज सुरू झाला आणि कोणीतरी तो लगेच कमी केला. मग पडद्यावर एक ओळ आली. मग दुसरी. मग त्या नेहमीच्या वेगाने येऊ लागल्या.

"तुम्ही काहीच केलं नाहीत," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. मग हात मांडीखालून काढले.

त्यांचा फोन पुढच्या आठवड्यात आला, पोरं झोपलेली असताना. मी बाथरूममध्ये जाऊन बोललो आणि बाहेर येऊन बायकोला खुणेनेच सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच मांडीवरच्या पोराला थोपटू लागली.

पहिल्या दिवशी मी बाणेरहून परत आलो तेव्हा घर शांत होतं, पोरं आपापल्या घरी गेलेली. तिने चहा ठेवला. कसं झालं, लोक कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग गॅसकडे बघतच म्हणाली, "वेळ मिळाला की मिक्सर बघा जरा. आवाज करतोय."

मी उठून मिक्सर लावून पाहिला. काही आवाज येत नव्हता. ती पाठमोरी उभी होती, वळली नाही. मी खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मिक्सर उघडून बसलो.