मास्तरांचे रविवार

आमचे मास्तर कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं उद्या पॅन्ट हवी, की हो. मी म्हटलं दुकान लवकर बंद करा, की हो. आणि माझा दादा म्हणाला डोंगरावर चला, तर त्यालाही हो. तिथेच सगळं चुकलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दहा बाय बाराचं दुकान. पुढे कटिंगचं टेबल, मागे दोन मशिनी, भिंतीला लागून माझं स्टूल. काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री माझ्याकडे. छत्तीस वर्षं आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो आणि सुखाने बसलो. मशीनच्या खडखडाटात बायकोचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपला संसार टिकला, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मी मागून कात्री आपटायचे. तीही त्यांना ऐकू यायची नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढायचं काम केलं त्याने. तळघरातली खोली, खिडकी नाही, लाल दिवा. रिटायर झाला त्याच आठवड्यात त्याने कॅमेरा घेतला. म्हणाला, "जन्म अंधारात गेला, आता जरा उजेड बघतो." चांगलं आहे की, बघ बाबा. पण दादाला आयुष्यात कधी एकट्याने काही करता आलेलं नाही. लहानपणी दुकानातून साखर आणायला पाठवलं तरी मला ओढून न्यायचा.

गावाच्या टोकाला डोंगर आहे. फार मोठा नाही, धडधाकट माणूस सव्वा तासात वर पोचतो. वर जाताना मध्येच एक सपाट खडक लागतो, तिथून शिखर समोर दिसतं आणि खाली अख्खं गाव. दादाला तो खडक सापडला आणि त्याचं डोकं फिरलं. दर रविवारी, त्याच खडकावरून, उजाडताना, एक फोटो. वहिनींचे गुडघे गेलेले, त्या कुठल्या चढणार? मग दादा दुकानात येऊन बसला. "मास्तर, फोटोत माणूस पाहिजे हो. माणूस नसला की डोंगर केवढा आहे तेच कळत नाही. आणि तुमचं पोट बघा. बसून बसून टरबूज झालंय नुसतं."

मास्तर म्हणाले, "हो."

पहिल्या रविवारी परत आले ते जिन्यावरच बसले. पायात गोळे आलेले, तोंड लालबुंद. मला म्हणाले, "तुझ्या भावाने माझा माप घेण्याचा टेप करून टाकला. डोंगर मोजायचा म्हणून मला उभा करतो." मी म्हटलं, "मग जाऊ नका पुढच्या वेळी." पण पुढच्या रविवारी पाचला उठून बूट शोधत होते.

आणि खोटं कशाला बोलू, त्यांना ते आवडायला लागलं. आठवडाभर मान खाली घालून सुईकडे बघणारा माणूस तो. वर खडकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे, एक संत्रं दोघांत वाटून खायचे. घरी येऊन मला सांगायचे, आज गावावर धुकं होतं, आज पाखरांचा मोठा थवा गेला, आज अमक्याच्या गच्चीवर आपण शिवलेला शर्ट वाळत होता, वाऱ्याने फुगला होता, काय बसलाय सांगू! एकदा म्हणाले, "वरून बघितलं ना, की गाव सगळीकडे उसवलेलं दिसतं. खाली राहून कळत नाही." मी हसले. त्या दिवसांत आम्ही खूप हसायचो.

दीड वर्षात पोट गेलं. स्वतःच्या पॅन्टी स्वतःच आत घेतल्या त्यांनी, आधी दोन इंच, मग आणखी दीड. टेप कमरेला लावून मला दाखवायचे, जणू बक्षीस मिळालंय. मीही मूर्ख! शेजारणींना बोलावून सांगायचे, "बघा, आमचे मास्तर कसे पोरसवदा दिसायला लागलेत." लोकांच्या कमरा मोजण्यात आयुष्य घालवलेली आम्ही दोघं, आणि घरातला माणूस झिजतोय हे आम्हाला कळू नये? तेव्हा वाटायचं, डोंगराचा गुण आहे.

खोकला होता. पण टेलरला खोकला असतोच. कापडाची धूळ. दादा म्हणायचा, "चढण्याने छाती मोकळी होते, मास्तर. सोडू नका." त्यांनी सोडलं नाही.

मार्च महिन्यात म्हणाले, नवं अंगुस्तान घेऊन ये. सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकाला घालायची ती लोखंडी टोपी. वीस वर्षं एकच वापरत होते. म्हणाले, "जुनं चेपलंय बहुतेक, बोट आत जात नाही." मी म्हटलं, "सगळं अंग वाळलं आणि बोट तेवढं बाळसं धरतंय वाटतं?" त्यावरही हसलो आम्ही. मी मोठ्या मापाचं आणून दिलं.

ऑगस्टमध्ये दुकानातच कोसळले. कटिंगच्या टेबलावर, हातात खडू. फुप्फुसात गाठ निघाली, ती एव्हाना हाडांत उतरलेली. डॉक्टर तरुण होते, भले होते. बाहेर बोलावून मला म्हणाले, "आजी, पाच-सहा महिने आधी आला असतात तर काढून टाकता आली असती. आता फक्त दुखणार नाही एवढं बघू." मला आजी म्हणाले म्हणून राग आला त्या क्षणी, एवढं आठवतं. बाकीचं नंतर समजलं.

ऑक्टोबरमध्ये मास्तर गेले. शेवटचे पंधरा दिवस त्यांना अंथरुणातून डोंगर दिसावा म्हणून दादाने खाट फिरवून दिली. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. वाटायचं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

डिसेंबरात दादा एक खोका घेऊन दुकानात आला. मास्तरांचे सगळे फोटो छापून आणले होते, चौऱ्याऐंशी. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख. ती त्याची इस्पितळातली सवय. म्हणाला, "तुला ठेव. माझ्याकडून बघवत नाहीत."

तो समोरच्या बाकावर बसला आणि मी ते तारखेप्रमाणे कटिंगच्या टेबलावर मांडायला घेतले. खडक तोच, शिखर तेच, मास्तर तेवढे बदलत गेलेले. शर्टाची शोल्डर हळूहळू खांद्यावरून घसरलेली. मग उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. मग काठी. मला वाटलं होतं रडू येईल, पण मी मापं घेत होते. अर्धा इंच, पाऊण इंच.

मधेच एक फोटो वेगळा निघाला. त्यात ना डोंगर, ना मास्तर. नुसता हात. चहाचा पेला धरलेला उजवा हात, कागदभर मोठा करून छापलेला. मागे तारीख, अकरा फेब्रुवारी.

"दादा, हा नुसत्या हाताचा कशाला काढलास?"

त्याने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "तो... तो चुकून आला त्यात."

"चुकून कसा येईल? एवढा मोठा करून छापलायस की."

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. बोटांची टोकं फुगलेली, नखं गोल वळलेली, भाजीच्या पळीच्या पाठीसारखी. मार्चमधलं अंगुस्तान मला तिथल्या तिथे आठवलं.

"अशी बोटं इस्पितळात माझ्या टेबलावर यायची," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "डॉक्टर आत आले की आधी हात बघायचे आणि मग प्लेट. छातीत काहीतरी निघायचंच. नेहमी नाही. पण बहुतेक वेळा."

"तुला फेब्रुवारीत कळलं होतं?"

"शंका आली होती. म्हणून मोठा करून बघितला."

"आणि?"

"आणि खात्री झाली."

बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, आज बंद आहे. शटर अर्धं ओढलं.

"मग बोलला का नाहीस?"

"आम्ही बोलत नसतो गं. एकतीस वर्षं लोक टेबलावरून उठून विचारायचे, साहेब काय दिसलं? आम्ही म्हणायचो, डॉक्टर सांगतील. आपण नुसतं काढायचं. एकदा बोललो होतो पहिल्या वर्षी, एका बाईला, तर नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून बघायचं आणि गप्प बसायचं हे अंगात मुरलं."

"अरे पण मास्तर काय तुझे पेशंट होते? बहिणीचा नवरा होता तुझ्या! तुझ्याच थर्मासमधला चहा पीत होते!"

दादा रडायला लागला. साठी ओलांडलेला माणूस ओठ वाकडे करून रडताना फार वाईट दिसतो. मला दया आली असती. पण तो तिथे थांबला नाही. मन मोकळं करायला बसलेला माणूस समोरच्याचा विचार करत नाही.

"खरं सांगू का तुला? सांगितलं असतं तर दवाखाना सुरू झाला असता. रविवार बंद पडले असते. एप्रिलमध्ये डोंगराच्या त्या अंगाला सगळी फुलं येतात, वर्षातून एकदा. मागच्या वर्षी ढग होते म्हणून हुकली होती. मी म्हटलं, तेवढे तीन-चार रविवार होऊ देत. मग सांगू. मग एप्रिल झाला, आणि मला वाटलं आता सांगितलं तर ते विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंत?"

फुलांचे फोटो टेबलावरच होते. चार. मास्तर त्यांत हसत होते. फुलं होती सुंदर, नाकारू कशाला.

"ऊठ आणि चालता हो," मी म्हटलं.

चार महिने मी त्याचं तोंड बघितलं नाही. वहिनींना काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांना वाटलं, नवऱ्याच्या दुःखाने बाईचं मन उठलंय. मी घरी बसून त्याला शिव्या द्यायचे, मोठ्याने, मास्तरांच्या खुर्चीकडे बघून. मेल्या, तुला एक शब्द जड झाला! आणि शिव्या देऊन दमले, की ते मोठ्या मापाचं अंगुस्तान आठवायचं. ते मीच दुकानात जाऊन, बोटात घालून, पारखून आणलं होतं.

मग एक दिवस वहिनी दुकानात आल्या. "वन्सं, हे अजून दर रविवारी वर जातात हो. एकटेच. कुठे घसरले बिसरले तर? तुम्ही जात जा ना सोबत. तुमचंही मन रमेल."

मी हो म्हटलं. प्रेमाने नव्हे. त्याला एकट्याला तो डोंगर सुखाने मिळू नये एवढ्यासाठी.

आता रविवारी मी जाते. त्याच्या मागून चालते, दहा पावलं. बोलत नाही. खडकावर बसून माझ्या थर्मासमधला माझा चहा पिते. आणि सांगायला लाज वाटते, पण मला तिथे बरं वाटतं. वारा अंगावर येतो, खालून गावाचा आवाज अगदी बारीक ऐकू येतो, आणि मास्तरांना दीड-दोन वर्षं काय मिळत होतं ते कळतं. पहिल्या दिवशी दादाने विचारलं, "जरा त्या बाजूला उभी राहतेस?" मी म्हटलं, "नाही." त्याने पुन्हा विचारलं नाही. आता त्याच्या फोटोत माणूस नसतो.

मागून चालणाऱ्याला पुढच्याचे पाय दिसतात. महिनाभरापूर्वी मला दिसलं, की दादाचा डावा पाय पुरता उचलला जात नाही. दगडावर बुटाचं टोक घासतं, खर्र करून. गेल्या रविवारी डाव्या हातातून पेला निसटला, तर त्याने खिशातून रुमाल काढून हात पुसला, जणू घामामुळे निसटला. त्याला वाटलं मी गावाकडे बघतेय. हे वयाचं नव्हे. वयाने दोन्ही पाय थकतात, एकच नाही.

परवा वहिनी त्याच्या तीन पॅन्टी घेऊन आल्या, खालचा काठ पुन्हा शिवायला. मी टेबलावर पसरल्या. तिन्हीचा उजवा पाय नवा असल्यासारखा. डाव्या पायाचा काठ पुढच्या बाजूने खरवडून खरवडून जाळी झालेला.

वहिनी म्हणाल्या, "बघा ना हो, एकच पाय कसा झिजतो? मी त्यांना विचारलं तर म्हणाले, मास्तर असते तर त्यांनी सांगितलं असतं."

मी सुईत दोरा ओवला. ओवायला वेळ लागला.

"कापडच हलकं आहे, वहिनी," मी म्हटलं. "रविवारपर्यंत देते शिवून."