लाडूने पन्नी खाल्ली

"मॅडम, ऑपरेशन आत्ताच करा. लाडूने पन्नी खाल्लीय, प्लास्टिकची पिशवी."

निखिल मूळचा साताऱ्याचा, इथे तमिळ मुलखात ओरगडमच्या कार प्लांटमध्ये इंजिनिअर. शिफ्ट अर्धवट टाकून, घरून लाडूला उचलून तो एग्मोरला माझ्या जनावरांच्या क्लिनिकमध्ये आला होता. लाडू म्हणजे त्याचा गिनीपिग. नावातच काय तो पिग, एरवी उंदराच्या भाऊबंदांतला. टॉवेलात निपचित पडला होता.

मी ऊठसूट पोट फाडणारी डॉक्टर नाही. एवढ्याशा जिवाला भूल देणं म्हणजे जुगार, त्यात हा अशक्त. पोट चाचपलं. कुठे गाठ नाही, फुगवटा नाही. मग हिस्टरी घेतली, म्हणजे आजाराची हकीगत विचारली.

"खाताना पाहिलं कुणी?"

"सेल्वी अक्कांनी. स्वयंपाकाला येतात. त्यांचाच फोन आला."

"नेमकं काय म्हणाल्या?"

"'पन्नी साप्पडल.' एवढं तमिळ कळतं मला, मॅडम. साप्पाडु म्हणजे जेवण."

मला हसू फुटत होतं, पण पोरगा रडकुंडीला आला होता. मी अक्कांनाच फोन लावला.

"आमा डॉक्टरम्मा," त्या म्हणाल्या, "पन्नी ओण्णुमे साप्पडल."

तमिळमध्ये पन्नी म्हणजे डुक्कर. अक्कांच्या लेखी लाडू हे छोटं डुक्करच. आणि शेवटचा तो 'ल' नकाराचा. निखिलच्या मराठी कानाला तो 'खाल्लं'मधला वाटला. अक्का सांगत होत्या, डुकराने काहीच खाल्लं नाही.

का खाल्लं नाही, ते शोधायचं होतं. मागचे पाय दाबले तर लाडू किंचाळला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"खायला काय देतोस?"

"सशांसाठीचे पेलेट्स, सुक्या खाद्याच्या गोळ्या. ऑनलाइन मिळतात. चालतात ना?"

"भाजी? हिरवा चारा?"

"घाण होते म्हणून नाही देत."

मला त्याचा रागच आला. गिनीपिगला माणसासारखंच व्हिटॅमिन सी शरीरात बनवता येत नाही, ते खाण्यातून मिळावं लागतं. नाही मिळालं तर सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि खाणंच सुटतं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी लोकांनी हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी पाळला, तो घरातच वावरायचा आणि भाजीच्या सालींवर वाढायचा. सशाचं शरीर हे व्हिटॅमिन स्वतःच बनवतं, त्यामुळे त्याच्या पेलेट्समध्ये ते कुणी घालत बसत नाही.

व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, सिरिंजने पातळ खाणं भरवायला शिकवलं, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर लिहून दिली. आठवड्याभरात लाडू खडखडीत बरा झाला.

त्या दिवशी निखिलचं ऐकलं असतं, तर पोट उघडून आत काहीच सापडलं नसतं आणि लाडू भुलीतून उठला नसता. पाळलेल्या जनावराला स्वतःचं खाणं शोधायला रान उरत नाही. आपण पुढ्यात टाकू तेवढंच त्याचं जग, आणि ते चुकलं तर त्याला सांगताही येत नाही.