वळणावरची टाचणी

फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात, कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुजाता, हे गेले गं..." महिना उलटून गेला, तरी त्या रांगेत मी अजून उभी राहत नाही; घरून डबा नेते.

दादाला बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. चहासुद्धा उभ्यानं. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वडील त्याला दटावून दटावून थकले. पुढे तो विजेच्या लाइनींचे मार्ग आखणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला. पठारावर पवनचक्क्या आल्या आणि त्यांची वीज शहरापर्यंत आणायचं काम त्याच्या टेबलावर आलं. बिनधुराची वीज म्हणून सगळे खूश. हा मात्र अस्वस्थ. म्हणायचा, "वारा फुकट आहे गं, टॉवर नाहीत. पोलादाला कोळसा जळतो, सिमेंटला भट्टी लागते. तो धूर हिशेबात कुणी धरलाय?" ऑफिसात त्याचं नाव 'धूरवाले' पडलं. पुण्यात असं नाव एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत पुरतं.

वाटेत एक दाट जंगल होतं. लाइन सरळ नेली तर झाडं जाणार. वळवली तर वळणावरच्या टॉवरवर तारांचा ताण येतो, म्हणून तो जास्त भारी लागतो, पोलादही जास्त आणि काँक्रीटही. दादानं कित्येक दिवस हिशेब केला आणि लाइन वळवली. मला केवढा अभिमान वाटला होता! भेटेल त्याला सांगत सुटले होते.

शेवटचं भेटलो ते कर्वेनगरला, त्याच्या घरी. नुकताच साइटवरून आला होता. त्या भारी टॉवरसाठी क्रेन लागली, क्रेनसाठी रस्ता लागला, आणि रस्ता काढला तो त्याच जंगलातून. "पोलाद धरलं, सिमेंट धरलं... रस्ता धरायचा राहिला," म्हणाला. चूक कुणाचीही होते, असं मी काहीतरी बोलले. त्यानं ऐकलंच नाही. आता त्याच जंगलाजवळून दुसरी लाइन जायची होती आणि मार्ग त्यानंच सुचवायचा होता. भिंतीवर त्या दुसऱ्या लाइनीचा नकाशा, पठारापासून शहरापर्यंत टाचण्यांना ताणलेला लाल दोरा. वळणावरची टाचणी तो काढायचा, लावायचा, पुन्हा काढायचा. सोमवारी सांगायचं होतं. त्याआधीच छातीत कळ आली.

दादाच्या घरीच पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली, तिला ऑफिसची माणसं आली होती. दुसरी लाइन सरळच न्यायचं ठरलं, असं एकजण हळूच सांगून गेला. बरोबरही असेल. मला कळत नाही, आणि ते न कळणंच बसू देत नाही. दादाचा रागही येतो, हे असलं माझ्या गळ्यात टाकून गेला म्हणून.

सगळे गेल्यावर मी नकाशापाशी गेले. वळणावरची टाचणी खिडकीत पडलेली, दोरा सैल लोंबत होता. बोटानं तो सरळ ताणला. मग वळणाकडे ओढून पाहिला. मागून वहिनी म्हणाली, "राहू दे तसाच. ऑफिसचं ठरलंय. ह्यांचं नव्हतं ठरलं अजून."

मी बोट काढून घेतलं.