कुंकू लावलेली ढोलकी

रशीदभाई गेल्याचे मला चिंचवड स्टेशनच्या फलाटावर कळले, तेही अशा माणसाकडून ज्याने त्यांना हयातभर ‘खुळा फिटर’ म्हटले होते. पुढच्या आठवड्यात शोकसभेत याच माणसाने ‘संगीत-यंत्राचे जनक’ असा शब्द काढला आणि चष्मा काढून डोळेही टिपले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! समोरच्या साहेबमंडळींना ढोलकी आणि पत्र्याचा डबा यांतला फरक कळत नव्हता, पण माना कशा अगदी समेवर हलत होत्या. मला बोलायला सांगितले तेव्हा घसा बसल्याची थाप मारली. त्या सभेतला सगळ्यांत मोठा ढोंगी मीच होतो, हे आता महिन्याभराने लिहितो आहे.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात रशीदभाई टूलरूमला फिटर, मी लेथवर टर्नर. शिवाय मी कामगारांच्या कलापथकाचा ढोलकीवाला, आणि तो तोरा शिफ्ट सुटल्यावरही उतरत नसे. दहा-अकरा वर्षांपूर्वी या गृहस्थांनी आपोआप वाजणारी ढोलकी करायला घेतली. शिलाई मशीनची जुनी मोटर, तिच्यावर फिरणारा लाकडी रूळ, रुळावर खुंट्या. खुंटी आली की दांडी उचलायची आणि कातडे गुंडाळलेली हातोडी ढोलकीवर पडायची. गाणारा रेंगाळला की पायाखालच्या पेडलने लय सैल करायची. ‘दत्तूभाऊ, ही मंचावर साथ करनार,’ ते म्हणायचे. मी तोंडावर हसायचो. एकदा त्यांनी माझ्या बोटांना नीळ फासली आणि सरकत्या कागदाच्या पट्टीवर कहरवा वाजवायला लावला. पट्टीभर निळे ठिपके उमटले. चाळिशीच्या माणसाचा हा पोरखेळ मी कँटीनमध्ये आठवडाभर रंगवून सांगितला.

खंडेनवमीच्या कार्यक्रमात ते यंत्र वाजणार असे ठरले. मोठे साहेब येणार होते. त्यांना आवडले तर रशीदभाईंना ड्रॉइंग ऑफिसात घेतील, अशी चर्चा होती, आणि त्यासाठी हा माणूस मुलीच्या वहीतून इंग्रजी अक्षरे गिरवत होता. चार दिवस आधी टूलरूमचे साहेब यंत्र बघायला आले. ‘खुंट्या सारख्या अंतरावर नाहीत. ही पाचवी चुकलीय. दुरुस्त करा.’

‘व्हय साहेब,’ रशीदभाई म्हणाले.

मी दारातच उभा होतो. पाचव्या मात्रेला अंमळ रेंगाळायची माझी जुनी खोड. माझ्या गुरूंनीही तिच्यापुढे हात टेकले होते. म्हणजे त्या निळ्या ठिपक्यांवरून माझाच ठेका उचलून हा फिटर मला तो सुधारून दाखवणार... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि पूजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. म्हणूनच रशीदभाईंनी आपली ढोलकी पूजेपासून लांब, कँटीनमधल्या मंचामागे झाकून ठेवली होती. त्या दिवशी आसपास कोणी नाही असे बघून मी कापड काढले. हळद-कुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, उदबत्तीसुद्धा लावली. इतके मन लावून मी देवाचीही पूजा केलेली नाही. आमच्यातला कोणी असता तर कुंकू पुसून, हात जोडून त्याने बटण दाबले असते. रशीदभाई आमची पूजा मोडणार नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते. त्याच भरवशावर तर मी ती केली होती.

पडदा उघडायच्या आधी त्यांनी ते पाहिले. बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

‘पूजा झालीय न्हवं... मग आज न्हाई चालायची. दत्तूभाऊ, तुमी बसा.’

मी माझी ढोलकी घेऊन बसलो. वाजवले. टाळ्याही घेतल्या. मोठे साहेब गेले ते आमच्या कार्यक्रमाला परत कधी फिरकले नाहीत, आणि रशीदभाई शेवटपर्यंत व्हाइसच्या पकडीपुढे उभे राहून कानस चालवत राहिले. माझ्याशी वागणे मात्र तसूभर बदलले नाही. मी त्यालाही बावळटपणा समजत आलो.

गेल्या रविवारी त्यांच्या मुलीने पिंपळे सौदागरच्या घरी बोलावले. ‘हे तुम्हाला द्यायला अब्बांनी सांगितलंय.’ टेबलावर ती ढोलकी होती, लख्ख पुसलेली. फक्त लाकडावर कुंकवाचा एक काळपट डाग.

‘रोज पुसायचे, पण एवढी जागा सोडून,’ ती म्हणाली. ‘म्हणायचे, कुणीतरी मनापासून पूजा केलीय.’

तिने बटण दाबले. एक, दोन, तीन, चार... आणि पाचवीला ढोलकी अंमळ रेंगाळली. मी मोटर बंद करून रूळ पाहिला. पाचवी खुंटी होती तिथेच होती. साहेबांना ‘व्हय’ म्हणून या माणसाने तिला हातही लावला नव्हता.

यंत्र आता माझ्याकडे आहे. माझी बोटे हल्ली आखडतात, वाजवणे सुटल्यातच जमा आहे. संध्याकाळी मी मोटर सुरू करतो. शेजारचे भिंतीपलीकडून ओरडतात, ‘वा, दत्तूभाऊ! हात अजून तस्साच आहे तुमचा!’ मी त्यांना खरे सांगत नाही. ठेका संपला की फडके घेतो आणि कुंकवाची जागा सोडून ढोलकी पुसून ठेवतो.