शाल नको, नायट्रोजन चालू ठेवा

पगारे मॅडमच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी चार गोड शब्द लिहा, असं संपादक मंडळानं कळवलं. लिहिणारच होतो हो! पण त्याच आठवड्यात आपल्या नाशिकच्या महाविद्यालयात सूचनाफलकावर कागद लागला: डॉ. वत्सला पगारे यांची ग्लोव्हबॉक्सची खोली समारंभानंतरच्या सोमवारी रिकामी करून तिथे पाहुण्यांसाठी स्वागतकक्ष होणार. शनिवारी सत्कार आणि सोमवारी हकालपट्टी! याला गौरव म्हणायचं?

मॅडमची माझी पहिली गाठ त्याच खोलीत पडली. मी नवा प्राध्यापक, लग्नाला महिना झालेला. ग्लोव्हबॉक्स म्हणजे नायट्रोजननं भरलेली हवाबंद पेटी; तिच्या रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालून आत काम करायचं. मॅडमचा नियम एकच, आधी अंगठी काढा. मी विसरलो. खड्यानं हातमोजा फाटला, हवा शिरली आणि मॅडमचे गर्द लाल स्फटिक डोळ्यांदेखत तपकिरी पडले. कित्येक महिन्यांची मेहनत! "हाई काय शे?" मॅडम सटाण्याच्या बोलीत कडाडल्या. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या सर. संसार नीट करा, स्फटिक आपण पुन्हा करू." ते त्यांनी माझ्याच हातून करून घेतले आणि शोधनिबंधात माझं नावही घातलं.

ते स्फटिक होते लोखंडाच्या संयुगाचे. लोखंड सहसा दोन-तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. मॅडमनी त्याला एकावर थांबवलं. असं लोखंड हपापलेलं असतं, दिसेल त्याला धरतं. म्हणून त्याला जोडायचे लिगंड, म्हणजे धातूला बिलगणारे रेणू, मॅडमनी असे आडदांड घडवले की कुणाला जवळ सरकायला जागाच राहू नये. ऑक्सिजन मात्र तिथूनही घुसतो, म्हणून ती पेटी. तिची गळती थांबवायला मॅडम स्वतः स्कूटरवरून सातपूरच्या वर्कशॉपात जाऊन रबरी कडी कापून आणत. आणि आमच्या स्टाफरूममध्ये शेरे काय, तर "बाई डबड्यात हात घालून बसतात"! अहो, रासायनिक क्रिया घडवून आणायचं महागड्या धातूंचं काम साध्या लोखंडाकडून करून घेता येईल का, हे शोधत होत्या त्या. तुम्ही काय शोधलंत? हजेरीपुस्तक?

निवृत्तीनंतर आजही मॅडम रोज येतात. कळवणची एक विद्यार्थिनी कागदोपत्री माझ्याकडे, पण खरी त्यांच्या हाताखाली पीएचडी करते आहे. नायट्रोजन बंद झाला तर मॅडमची सगळी संयुगं आणि त्या मुलीचं अर्धं झालेलं काम एका दुपारीत मातीमोल होईल. मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. एवढंच म्हणाल्या, "मला शाल नको, नायट्रोजन चालू ठेवा." साहेब हसले. म्हणे, मॅडम फार विनोदी आहेत! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅडम, आपण शंभरी पार करा, गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आयुष्यात आपला शब्द कधी मोडला नाही. "भांडू नका" म्हणालात, तो मात्र मोडतो आहे. सोमवारी खोली रिकामी करायला माणसं येतील तेव्हा मी आत असेन, आतून कडी लावून.