बरडाचा रस्ता

उंद्रीच्या रुख्मिणीबाईला आयुष्यात आजार असा कधी झाला नाही. साठी उलटली तरी खुरपं घेऊन निंदणाला बसली की सुनाबाळींना मागे टाकते. दुखायचं ते फक्त पोटात, आणि तेही एकाच माणसामुळे. त्या माणसाचं नाव कोकिळा, तिची धाकटी जाऊ.

कोकिळा लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात हे दुखणं सुरू झालं. रुख्मिणी देऊळगाव राजाकडची, चार वर्षं आधी आलेली. चूल, पाणी, गुरंढोरं, सगळं तिनं अंगावर घेतलेलं. सासऱ्यानं एक दिवस नव्या सुनेच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाला, "चहा असा लागते!" झालं. म्हातारा जाऊन जमाना लोटला, पण रुख्मिणीबाईनं ते वाक्य काही सोडलं नाही. कोकिळेच्या लोणच्याला बुरशी येत नाही, याचा तिला राग. कोकिळेची कोंबडी रोज अंडं देते, याचाही राग. अहो, माणसाचा हेवा आपण समजू शकतो, पण कोंबडीचा? रुख्मिणीबाईला तोही जमायचा.

बावीस वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली. थोरला पंजाबराव हा रुख्मिणीचा नवरा, धाकटा देवानंद कोकिळेचा. जमिनीचे तुकडे दोन. एक काळी, डांबरी सडकेला लागून, विहिरीसकट. दुसरं तिच्या मागचं बरड, म्हणजे नुसता मुरूम आणि गोटे. बरड एकरानं जास्त होतं, पण तिथं कुसळ उगवायलाही लाजायचं. त्या घराची रीत अशी की मोठ्यानं वाटे पाडायचे, चिठ्ठ्या लोट्यात टाकायच्या आणि धाकट्यानं पहिली उचलायची. दुसरी चिठ्ठी कोणी उघडत नाही. उरलं ते मोठ्याचं.

चिठ्ठ्या लिहिल्या रुख्मिणीनं. सातवी पास होती, अक्षर चांगलं होतं. आणि त्या चांगल्या अक्षरात तिनं दोन्ही चिठ्ठ्यांवर 'बरड' लिहिलं.

बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं लोटा ठेवला. देवानंदनं हात घातला, चिठ्ठी वाचली, मान खाली घातली आणि म्हणाला, "चालते दादा." रुख्मिणीनं लोटा उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि दुसरी चिठ्ठी चुलीत कोंबली. पंजाबरावाला याचा पत्ता नव्हता. तो बिचारा बायकोला गुणी समजतच गेला.

पुढं काय सांगावं! काळीत कपाशी छातीला लागायची. कापसाची गाडी खामगावला निघाली की रुख्मिणीबाई ती कोकिळेच्या दारात हटकून थांबवायची. "काय वं कोकिळे, यंदा बरडात काही पिकलं का?" कोकिळा शिलाई मशीनवरून मान वर करायची, म्हणायची, "कायचं पिकते बाई." देवानंद तोवर खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर लागला होता, आठवड्याला घरी यायचा आणि कापसाच्या धुळीनं खोकायचा. तो खोकला ऐकून रुख्मिणीबाईला वाईट वाटत नसे असं नाही. पण त्यापेक्षा बरं जास्त वाटायचं.

मग दिवस फिरले. उंद्री वाढली. मास्तर, बँकेचे लोक, आजूबाजूच्या वाड्यांवरचे नोकरदार, सगळ्यांना गावात घर पाहिजे झालं. आणि घराच्या बाबतीत काळी जमीन बेइमान असते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग पाडते. बरडाचं तसं नाही. हातभर खणलं की मुरूम, पाया पक्का. कोकिळेची पोरगी समता इंजिनिअर झालेली, तिनं बरडाचा नकाशा काढला. अठरा प्लॉट, मधे बगीचा, दोन्ही अंगांना नाल्या. नकाशा कोकिळेच्या ओट्यावर पसरला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. रुख्मिणीबाई साखर मागायच्या निमित्तानं गेली. साखर घेतली नाही, परत आली, आणि भाजीत दोनदा मीठ टाकलं.

दुसऱ्याचं नशीब उघडलं तर माणूस जळतो, हे जगरहाटीनं चालतं. पण हे नशीब तिचं होतं! सरळ दोन चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर बरड कदाचित तिच्याच वाट्याला आलं असतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं तर कर्मानं सातवी पासच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं. आणि हे दुःख सांगावं कोणाला? सांगायची सोयच नव्हती.

मात्र एक गोष्ट अजून तिच्या हातात होती. बरडाला सडक नव्हती. जायला वाट होती ती काळीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बैलगाडीपुरती, तीनेक मीटरची. अठरा घरांच्या ले-आउटला नऊ मीटर रस्ता लागतो, त्याशिवाय तहसीलमध्ये प्रस्ताव पुढं सरकत नाही. त्यातले सहा मीटर काळीतून घ्यायचे होते आणि काळीच्या सातबाऱ्यावर पंजाबराव वारल्यापासून एकच नाव होतं, रुख्मिणी पंजाबराव.

कोकिळा संमतीपत्र घेऊन आली. सोबत देवानंद आणि पेढ्याचा पुडा.

"बाई, फुकट नको आमाले," कोकिळा म्हणाली. "तुमाले कोपऱ्याचा प्लॉट देतो. समतानं नकाशात नाव टाकून ठेवलं."

"माह्या जमिनीवरून जाऊन मलेच प्लॉट दान करतं का वं?"

"दान नाई वहिनी," देवानंद खोकत म्हणाला, "बदल्यात हाये."

"माह्या कपाशीतून मुंगीले वाट देणार नाई मी. पेढे घेऊन जा, पोराईले द्या."

पुण्याहून पोराचा, संघर्षचा फोन आला. "आई, दे ना सही. आपल्यालाही पक्क्या जागेत घर होईल." "तू पुण्यातच राह्य," म्हणून तिनं फोन ठेवला. नुसतं नाही म्हणून ती थांबली नाही. तहसीलमध्ये जाऊन लेखी हरकत टाकून आली. सुंभ जळेल पण पीळ जाईल तर शपथ!

हरकत आली म्हणून एक दिवस नायब तहसीलदार जागा पाहायला आले, बरोबर तलाठी. धुऱ्यावर सगळे उभे राहिले. रुख्मिणीबाईनं पदर खोचला आणि बोलायला लागली. "साहेब, वाटणी चिठ्ठ्यांनी झाली. फोटोपुढं झाली, इमानानं झाली. यानं आपल्या हातानं बरड उचललं. तवा रस्ता मांगतला नाई, आता काऊन मांगता?"

देवानंद जमिनीकडं पाहत राहिला. साहेबांनी कोकिळेला विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

कोकिळेनं रुख्मिणीबाईकडं पाहिलं. चांगला वेळ लावून पाहिलं. मग म्हणाली, "काही नाई साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं की संमती नाही, आणि सगळे सडकेकडं चालायला लागले. रुख्मिणीबाई जिंकली होती. ती पदर सोडणार, तेवढ्यात कोकिळा जवळ आली.

"बाई, त्या दिवशी चूल विझेल होती."

"कोणती चूल?"

"वाटणीच्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी राख म्या काढली. चिठ्ठी तशीच होती."

"अव माय! वाचली तू?"

"वाचली. मंग काडी लावली तिले."

"मंग काऊन नाई बोलली? बावीस वर्सं?"

"पयले भेव वाटला. भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेतीन म्हणून. मंग मले ते आवडाले लागलं. तुमी कापसाची गाडी थांबवून इचारत होत्या ना, काही पिकलं का म्हणून? तवा मी मनात म्हणत जाय, जा वं चोट्टे, जा. लय बरं वाटे."

"आज साहेबापुढं तर बोलाचं होतं!"

"बोलली असती तर संपलं असतं ना बाई," कोकिळा म्हणाली आणि सडकेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाईनं स्वतः जाऊन सही केली, हरकत मागं घेतली. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, उगाच गैरसमज नको. कोकिळेच्या मुठीत आपली चोरी आहे, हे तिला सोसवत नव्हतं. सहा मीटर जमीन फेकली तोंडावर की फिटलं, असा तिचा हिशेब. कोपऱ्याचा प्लॉटही नको म्हणाली.

गाव मात्र येडं! "काय मन हाये बाईचं! जावेसाठी पिकती जमीन सोडली, बदल्यात काही घेतलं नाई!" जो तो जय भीम घालून हेच बोलायचा. दोन महिन्यांत मंजुरी आली आणि रस्त्याच्या कामाला सुरुवात करायचा दिवस ठरला.

बरडावर मंडप पडला. बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी रुख्मिणीबाईचे ओठ थांबले. बाजूला कोकिळा खणखणीत म्हणत होती. मग पहिली कुदळ पडली, तीही कोकिळेच्या हातची. मग रुख्मिणीबाईचा सत्कार. शाल कोकिळेनंच घातली आणि माईक हातात घेतला.

"आमच्या बाईनं कधी दुजाभाव केला नाई," ती म्हणाली. "वाटणीपासून आजपर्यंत, एकदाबी नाई."

टाळ्या पडल्या. कोकिळेच्या ओठाच्या कोपऱ्यात जे हललं ते फक्त रुख्मिणीबाईला दिसलं. आणि तिच्या ध्यानात आलं की सहीनं काहीच फिटलं नाही. जमीन गेली, आणि ही बाई जन्मभर अशीच गप्प राहून मोठी होत जाणार. अठरा प्लॉट एका बाजूला आणि हिचं ते गप्प राहणं एका बाजूला. प्लॉटांचा हेवा तिनं कसाबसा गिळला असता. हा गिळला जाईना.

तिनं माईक ओढून घेतला.

"खोटं बोलते ही. म्या केला दुजाभाव. वाटणीच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर बरडच लिवलं होतं. म्या लिवलं. माह्या मालकाले माईत नव्हतं. कोकिळेले पयल्या दिवसापासून माईत हाये, तिनं चिठ्ठी पाह्यली होती. आता सगळ्याईले माईत झालं. बस्स!"

कोकिळेचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, काऊन सांगतलं?" ती पुटपुटली.

"तुह्यापाशीच काऊन राहू द्यू?" रुख्मिणीबाई म्हणाली. तिला वाटलं, आता देवानंद उठेल, आपल्याला शिव्या घालेल. त्यासाठी ती तयारच होती, छाती काढून उभी होती.

देवानंद उठला. पण तो वहिनीकडं वळलाच नाही. बायकोपुढं जाऊन उभा राहिला. आधी त्याला खोकला आला, तो संपेपर्यंत सगळे थांबले.

"तुले माईत होतं?"

कोकिळेनं होकाराची मान हलवली.

"त्या दिवसापासून मी कोणत्याच चांगल्या कामाले पयला हात लावला नाई, कोकिळे. समताच्या कॉलेजच्या फारमावर तुलेच सही कराले लावली. आजची कुदयबी तुलेच दिली. काऊन? माहा हात पनौती हाये म्हणून. माह्याच हातानं लेकराच्या नशिबात गोटे आणले म्हणून." त्यानं तो उजवा हात तिच्यापुढं धरला. "एकदा सांगती तर काय जात होतं तुहं?"

समतानं बापाचा हात धरला, त्यानं तो सोडवून घेतला आणि नव्या रस्त्याच्या आखलेल्या चुन्यावरून एकटाच सडकेकडं निघाला.

रुख्मिणीबाई शाल पांघरून तिथंच उभी होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कोकिळेकडं पाहिलं आणि तिच्याजवळचं काहीही तिला हवंसं वाटलं नाही.